पगार मंजूर, पण खातं भलतंच: योजनेचे पैसे परस्पर वळवण्याची फसवणूक

श्रावणबाळ योजनेचा, म्हणजे निराधार वृद्धांना सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या अनुदानाचा (गावात त्यालाच 'पगार' म्हणतात), अर्ज केलेल्या एका आजींचं उदाहरण घ्या. वय अडुसष्ट, नवरा वारलेला, स्वतःचा मोबाइल नाही. गावात ऑनलाइनची कामं करून देणारा म्हणाला, "तहसीलमध्ये माझी ओळख आहे. तीन हजार द्या, दोन महिन्यांत पगार चालू करतो." पैसे दिले, अर्ज मंजूर झाला, यादीत नावही आलं. पण आजींच्या पासबुकात एक रुपया दिसेना. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, "वरून फंडच आला नाही." शेवटी कोणीतरी तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत (श्रावणबाळचं कामही तिथेच चालतं) चौकशी केली, तेव्हा कळलं की दर महिन्याचे १,५०० रुपये जमा होत होते. खातं आजींच्याच नावाचं होतं, पण ते एका पेमेंट बँकेत, म्हणजे मुख्यतः मोबाइल आणि दुकानांमार्फत चालणाऱ्या मर्यादित कामाच्या बँकेत होतं आणि आजींना त्याचा पत्ताच नव्हता.

अशा प्रकरणात घरचे लोक तीन हजारांवरून भांडत बसतात. खरा दरोडा मात्र खात्यावर पडलेला असतो आणि मंजुरीनंतर तो महिनोन्‌महिने चालू राहतो.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्या. सरकारी अनुदान आता थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने येतं. ते अर्जावर लिहिलेल्या खाते क्रमांकावर जाईलच असं नाही. आधार क्रमांक ज्या बँकेशी डीबीटीसाठी जोडलेला असेल, तिथे ते जातं. ही नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधली पैशांची देवघेव चालवणारी राष्ट्रीय संस्था) असते आणि एका आधारसाठी एकाच वेळी एकच बँक नोंदलेली असते. शेवटची नोंद आधीची नोंद पुसते. त्यामुळे बँकेत "माझं आधार लिंक आहे का?" एवढंच विचारून उपयोग नाही. केवायसीसाठी आधार चार खात्यांना लिंक असू शकतं, डीबीटीसाठी मात्र एकालाच. "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग याच खात्याला आहे का?" असं विचारा.

अर्ज भरताना "केवायसी करायची आहे, अंगठा ठेवा" असं सांगून त्याच बैठकीत नवं खातं उघडता येतं. आधारवरची माहिती आपोआप येते, आणि डीबीटी इकडे वळवायला संमती असल्याची खूण अर्ज भरून देणाराच करतो. मोबाइल नंबर तो स्वतःचा टाकतो. पुढचे सगळे ओटीपी आणि मेसेज त्याच्याकडे जातात, पिनही त्याचाच. मग पैसे काढायला आजींचा अंगठासुद्धा लागत नाही. असं खातं न कळत उघडलं जाणं नवीन नाही. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत ग्राहकांना न विचारता खाती उघडली गेली होती आणि लाखो लोकांची गॅस सबसिडी तिकडे वळली होती. तेव्हा आधार प्राधिकरणाला कारवाई करावी लागली.

म्हणून अर्ज देण्याआधीच तपासा. 'माय आधार' संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं की बँकेचं नाव दिसतं. लॉगिनला आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो, आणि नेमकं इथेच अनेकांचं अडतं. तो नंबर जुना किंवा एजंटचा निघतो. तसं असेल तर आधी अधिकृत आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. घरातल्या कोणाचा तरी नंबर द्या, काम करून देणाऱ्याचा कधीही नको.

दुसरी चोरी अंगठ्याची. बायोमेट्रिक मशीनवर पैसे काढताना केंद्रचालक म्हणतो, "छाप आली नाही, परत ठेवा." मग तिसऱ्यांदा. वयस्कर माणसांची बोटं झिजलेली असतात, त्यामुळे छाप खरंच येत नाही असंही होतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण प्रत्येक अंगठा हा वेगळा व्यवहार असतो. पहिल्या अंगठ्याला हजार निघालेले असतात, दुसऱ्याला आणखी हजार, आणि हातात एकच हजार पडतात. व्यवहार फसला तरी त्याची नोंद होते, म्हणून "फेल झालं त्याची पावती द्या" असं तिथल्या तिथे सांगा. पावतीवर रक्कम, वेळ, संदर्भ क्रमांक आणि बहुधा शिल्लकही असते. पावती न देणाऱ्याकडे पुन्हा अंगठा ठेवू नका. दर महिन्याला बँकेत पासबुक छापून घ्या. 'एईपीएस' (आधार आणि अंगठ्याने झालेला व्यवहार) लिहिलेली प्रत्येक ओळ आठवते का ते पाहा.

'माय आधार'वर बायोमेट्रिक लॉकची सोय आहे आणि ती फुकट आहे. लॉक असेल तर अंगठा चालत नाही, हवं तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. रेशनच्या ई-पॉस मशीनलाही अंगठा लागतो, त्यामुळे त्या दिवशी आठवणीने उघडावं लागेल. हा त्रास थोडा आहे, पण घ्यावा. तिथेच 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' आहे, आधार कधी आणि कोणत्या संस्थेने वापरलं ते तीत कळतं. फक्त सहा महिन्यांपर्यंतचंच दिसतं, म्हणून शंका आली की लगेच उतरवून ठेवा.

ओळखीने काम करून देणाऱ्याला पैसे द्यायचं कारणच नाही. संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेच्या मंजुरीला फी नाही. आपले सरकार सेवा केंद्रात दाखल्यांचं ठरलेलं शुल्क लागतं. त्याचा फलक तिथे असतो, तो वाचा आणि तेवढ्याचीच पावती घ्या. अर्जाची पोचपावती आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. कित्येक एजंट अर्ज भरतच नाहीत, कागद पिशवीत ठेवून पैसे घेत राहतात. कोणती योजना लागू पडते हे शोधायलाही एजंट लागत नाही. 'मायस्कीम' या सरकारी पोर्टलवर वय, उत्पन्न, राज्य वगैरे भरलं की यादी समोर येते.

बांधकाम कामगार नोंदणीत वेगळाच धोका आहे. तिथे मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एजंट खोट्या सहीशिक्क्याचा दाखला जोडतो आणि भांड्यांच्या संचासाठी हजार-दोन हजार घेतो. संच खऱ्या कामगाराला मोफतच मिळतो. पुढे पडताळणीत दाखला खोटा निघाला तर नोंदणी रद्द होते आणि गुन्ह्यात नाव अर्जदाराचं येतं, एजंट नामानिराळा राहतो.

पीएम किसानचा हप्ता किंवा लाडकी बहीणची ई-केवायसी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फिरणारी 'एपीके' फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडूच नका. ती फोनमधले ओटीपी चोरते. बहुतेक सरकारी संकेतस्थळांचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वर संपतो. सुरुवातीला सरकारी नाव आणि शेवटी भलतंच काही असेल तर खात्री केल्याशिवाय त्या साइटवर काहीही भरू नका.

फसवणूक झालीच असेल तर आधी वाहता नळ बंद करा. ज्या बँकेत पैसे हवेत तिथे आधार सीडिंगचा, म्हणजे डीबीटीसाठी आधार जोडण्याचा, अर्ज द्या, आधीच्या बँकेचं नाव लिहा, शिक्का मारलेली प्रत घ्या. मग त्या पेमेंट बँकेकडे लेखी मागणी करा: खाते उघडल्यापासूनचा उतारा, नोंदलेला मोबाइल नंबर आणि खाते गोठवणं. खातं तुमच्या नावाचं आहे, उतारा मागण्याचा हक्क तुमचाच आहे. बँक अडून बसली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

अंगठ्याने किंवा ओटीपीने ताजी रक्कम गेली असेल तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते. बँकेलाही तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिऱ्हाइताने केलेली असेल आणि या मुदतीत कळवलं असेल, तर ग्राहकावर नुकसान येत नाही. उशीर झाला की हे संरक्षण कमी होत जातं. पोलिसांत तक्रार देताना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लिहा आणि उतारा, पावत्या, आधारचा इतिहास जोडा. सरकारी कर्मचाऱ्याने पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, आणि तिथे पैसे देण्याआधी फोन केला तरच सापळा लावता येतो.