मूल नेमके कुठे अडते, हे पाहायला शिकवणारा प्रशिक्षणवर्ग

मराठी माध्यमाच्या प्राथमिक शिक्षकांसाठी गोव्यातील फोंडा येथील एका खासगी संस्थेने चालविलेला वाचन-लेखन अध्यापनाचा प्रशिक्षणवर्ग गेल्या शैक्षणिक वर्षात मी पूर्ण केला. वर्ग जूनमध्ये सुरू झाला व दिवाळीच्या सुट्टीनंतर संपला. सत्रे शनिवारी दुपारी होत आणि मधल्या काळात मार्गदर्शक शाळेत येऊन प्रत्यक्ष अध्यापन पाहत असत. संस्थेचे नाव येथे घेतलेले नाही, कारण अशा वर्गाकडून शिक्षकाने काय मागावे हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू अगदी सुरुवातीच्या सत्रांत हाती लागते. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार आकलनासह वाचन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार होय. बेरीज नसून गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती काही उरत नाही. हे सूत्र गोव्यातील वर्गखोलीला जितके लागू पडते तितके क्वचितच अन्यत्र पडत असेल. घरी कोंकणी बोलणारे आणि शाळेत मराठी पाठ्यपुस्तक वाचणारे मूल, दोन्ही भाषा देवनागरीतच असल्याने, परिच्छेद घडाघडा वाचून दाखवते आणि त्यात काय सांगितले आहे असे विचारताच गप्प बसते. शेजारचे दुसरे मूल ऐकलेली गोष्ट रंगवून सांगते, मात्र छापील ओळीवर बोट ठेवून पुढे सरकू शकत नाही. आपण दोघांनाही ‘वाचनात कच्चा’ असा एकच शेरा देतो आणि दोघांनाही तोच धडा पुन्हा वाचायला लावतो.

यावर प्रशिक्षकांनी दिलेला उपाय साधा आहे. मुलाला एक अपरिचित परिच्छेद वाचायला देऊन त्यावर प्रश्न विचारावेत. मग त्याच पातळीचा दुसरा परिच्छेद शिक्षकाने स्वतः वाचून दाखवावा आणि तसेच प्रश्न विचारावेत. ऐकून उत्तरे येत असतील, तर अडचण बहुधा लिपीची आहे. ऐकूनही येत नसतील, तर शब्दसंग्रह, वाक्यरचना आणि गप्पागोष्टी यांवर काम हवे. ही चाचणी आम्ही परस्परांवर न करता आपापल्या वर्गातील मुलांवर केली आणि त्यांच्या नोंदी पुढच्या सत्रात मांडल्या. माझ्या दृष्टीने एवढ्या एका गोष्टीसाठीही शुल्क वसूल झाले.

देवनागरीवरील सत्र एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने घेतले आणि ते या वर्गातील सर्वांत समृद्ध सत्र होते. मूळाक्षरे आणि बाराखडी पाठ झाली की वाचन आले, या समजुतीला त्यांनी उदाहरणांनी सुरुंग लावला. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो. त्यामुळे डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतेच शिकलेले मूल ‘दिवा’ या शब्दाशी अडते, यात त्याचा आळस नसतो. ‘सूर्य’मधील रफार, ‘प्राणी’मधील तिरकी रेघ, ‘राष्ट्र’मधील टच्या खालचे चिन्ह आणि ‘सुऱ्या’मधील अर्धा र ही एकाच व्यंजनाची रूपे एकाच तासात शिकवू नयेत, ती गोष्टीत जशी भेटतील तशी, एकेक करून, पुरेशा सरावानिशी द्यावीत, हा त्यांचा आग्रह मला पटला. जोडाक्षरांचे तक्ते भिंतीवर टांगण्याची आपल्याकडील जुनी रीत त्यांनी सरसकट मोडीत काढली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

याच्या अगदी उलट अनुभव उच्चारजाणिवेवरील, म्हणजे बोललेल्या शब्दातील ध्वनी वेगळे ओळखण्यावरील, सत्राचा आला. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातील ध्वनींची जाणीव, ध्वनी आणि अक्षर यांचा मेळ, ओघवते वाचन, शब्दसंग्रह व आकलन ही पाच अंगे सांगणे योग्यच होते. पण ती शिकवण्यासाठी वापरलेली सारी सामग्री इंग्रजी शाळांसाठी तयार झालेली दिसत होती आणि शब्द तेवढे मराठी घातले होते. देवनागरीत ‘क’ या अक्षरात ‘अ’ आधीच मिसळलेला असतो, आणि ‘कमळ’ म्हणताना शेवटच्या ळमधील ‘अ’ आपण उच्चारत नाही. सुटे ध्वनी जोडण्याचा खेळ येथे जसाच्या तसा चालत नाही. आपली मुले शब्द आधी अक्षरांत तोडतात आणि त्यातील व्यंजन व स्वर वेगळे करणे ही त्यानंतरची पायरी आहे. हा प्रश्न सभागृहातून विचारला गेला तेव्हा तरुण प्रशिक्षकाने उत्तर न देता पुढची स्लाइड पडद्यावर आणली. आदल्या सत्रातील शिक्षिका तिथेच मागे बसल्या होत्या, त्यांना विचारले असते तरी काम भागले असते.

वाचनाच्या वेगाची चर्चा अपरिहार्य होती. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट आहे. त्यातील ‘अर्थासह’ हा भाग घड्याळ हातात घेतल्यावर विसरला जातो, असा इशारा प्रशिक्षकांनी दिला तो बरा झाला. मात्र मराठीत विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात. ‘घराबाहेरच्यांसाठी’ हा मोजणीत एकच शब्द ठरतो, तेव्हा परिच्छेद निवडताना शब्दांची लांबी पाहायला हवी, हे त्यांनी सांगायचे राहून गेले.

लेखनाच्या वाट्याला शेवटची सत्रे आली आणि त्यांतील बराच वेळ अनुलेखन, श्रुतलेखन व शुद्धलेखन यांतच गेला. मुलाने स्वतःच्या मनातले लिहावे, मित्राला वाचून दाखवावे, मग त्यात भर घालावी किंवा काटछाट करावी, या प्रक्रियेचा नुसता उल्लेख झाला. आम्ही आमच्या मुलांच्या वह्या सोबत नेल्या होत्या. त्या कोणी उघडल्या नाहीत. कोंकणीभाषक मूल मराठीत ‘घरांत’ असे अनुस्वारासह लिहिते, तेव्हा ती चूक लाल शाईने खोडायची की तिच्यामागे घरच्या भाषेचा नियम आहे हे ओळखून वेगळ्या रीतीने हाताळायची, हा येथील शिक्षकाचा रोजचा प्रश्न आहे. मराठीनेही असे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनंतरच सोडले, हे ध्यानात घेतले तर शिक्षकाचा हात जरा सैल पडेल. लेखनाची उत्तम कल्पना आली ती सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका सहाध्यायी शिक्षिकेकडून. चतुर्थीपूर्वी त्यांच्या वर्गातील मुले घरच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, काय काय बांधायचे याची यादी, आंबाड्यापासून सुपारीच्या शिपट्यापर्यंत (घडापर्यंत), मोठ्यांना विचारून लिहून आणतात, आणि कोणती वस्तू कोठे मिळाली हे दोन-तीन वाक्यांत सांगतात. मुलांना या लेखनाचे प्रयोजन कोणी समजावून सांगावे लागत नाही.

शाळाभेटी हा या वर्गाचा खरा कणा आहे. मार्गदर्शक मागे बसून पाहतात, आवश्यक वाटल्यास एक पाठ स्वतः घेतात आणि नंतर फक्त एका गोष्टीवर बोलतात. तपासणी अधिकाऱ्याचा आविर्भाव त्यात कोठेही नव्हता. पण नियोजन करणाऱ्यांनी एक शिक्षक आणि एक इयत्ता असे गृहीत धरलेले होते. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत घेऊन बसणाऱ्या एकशिक्षकी शाळा गोव्याच्या ग्रामीण भागात आहेत, आणि तेथील शिक्षकाला एका गटाचे वाचन ऐकताना उरलेल्या तीन गटांना कशात गुंतवावे हे सांगितले गेले नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे, त्यामुळे प्रमाणपत्रावर तास किती लिहिणार, हा प्रश्न सभागृहात सर्वांत आधी आला. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी मात्र नाव नोंदवण्यापूर्वी लेखनाची सत्रे वाढवली आहेत का, तेवढे विचारून घ्यावे.