कोन्याक गावांत छायाचित्रण: कार्यशाळा की स्वतंत्र प्रवास?

नागालँडच्या मोन जिल्ह्यात कोन्याक या नागा जमातीतल्या ज्येष्ठांची छायाचित्रे काढायला कार्यशाळेसोबत जावे की स्थानिक वाटाड्या घेऊन एकटीने, या पेचात एक मैत्रीण आहे.

शिकवणाऱ्याच्या मानधनामुळे कार्यशाळा महाग पडते. मात्र दिब्रुगडहून सोनारीमार्गे मोनला जाणाऱ्या गाडीचे भाडे एकटीलाच भरावे लागत असल्याने स्वतंत्र प्रवासातली बचत वाटते तेवढी राहत नाही. इनर लाइन परमिट, म्हणजे नागालँडमध्ये जाण्याची सरकारी परवानगी, कसेही गेले तरी लागतेच.

खरा फरक चुलीपाशी कळतो. म्यानमार सीमेवरच्या लोंगवा गावातल्या अंधाऱ्या घरात, चेहऱ्यावर गोंदण असलेले आजोबा विस्तवाशी बसलेले असताना, दारातून येणाऱ्या तिरप्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) किती ठेवावा हे सांगणारा जाणकार शेजारी असणे मोलाचे असते. पण त्याच खोलीत आठ कॅमेरे एकदम रोखले गेले की आजोबा ताठ बसतात आणि सगळ्यांच्या कार्डात तोच एक चेहरा उतरतो. एकटीने गेल्यास दुभाष्यामार्फत संमती विचारता येते, काळा चहा घेता येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येते. आजोबांना द्यायच्या मानधनाचे मात्र दोन्हीकडे आधीच स्पष्ट विचारावे. ते घरापर्यंत पोहोचते की मध्येच जिरते, हे माहितीपत्रकात नसते.

कॅमेरा नवा असेल, रजा मोजकी असेल किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला कोन्याकांचा आओलिंग सण टिपायचा असेल, तर कार्यशाळा बरी. तंत्र हाताशी असून निवांत व्यक्तिचित्रे हवी असणाऱ्याने वाटाड्याच गाठावा.