ब्रेकमधून वीज किती परत मिळते? स्मार्ट चार्जिंग, ४८ व्होल्ट आणि फुल हायब्रिड

गाडीतली वीज फुकट नसते. ती बनवणारा अल्टरनेटर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे दिवे, पंखा, म्युझिक हे सगळं शेवटी पेट्रोलवरच चालतं. ५०० वॅटचा भार तासभर राहिला तर पाव लिटरच्या आसपास पेट्रोल त्यातच जातं. म्हणून गाडीवरची ‘हायब्रिड’ ही पाटी बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद ही गाडी किती परत घेते?

ती परत घेण्याच्या तीन पद्धतींपैकी स्मार्ट चार्जिंग सगळ्यात साधं. जुना अल्टरनेटर सतत १४ व्होल्टच्या आसपास चार्ज करत राहतो. इथे कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, वेळ बघून चार्ज करतं. टेस्ट ड्राइव्हला लायटरच्या सॉकेटमध्ये छोटा व्होल्टमीटर लावून बघा. ॲक्सिलरेटर दाबला की आकडा साडेबाराकडे उतरतो, पाय काढला की साडेचौदाच्या वर जातो. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतात, त्यामुळे तेवढी वीज खरोखरच फुकट. अडचण लेड-ॲसिड बॅटरीची: ती भराभर चार्ज घेत नाही, म्हणून तिला मुद्दाम थोडी रिकामी ठेवतात.

४८ व्होल्टच्या गाडीत पट्ट्यावर अल्टरनेटरऐवजी साधारण १० किलोवॅटचा स्टार्टर-जनरेटर, म्हणजे इंजिन चालू करणारी आणि वीजही बनवणारी मोटर असते (साधा अल्टरनेटर दोन-तीन किलोवॅटचा) आणि सोबत छोटी लिथियम बॅटरी. ब्रेकमधून बरीच जास्त वीज मिळते, सिग्नलवर इंजिन धक्का न देता चालू होतं. पण पट्ट्यावरची ही मोटर एकटी गाडी ओढत नाही. निव्वळ मायलेजसाठी मी तरी ४८ व्होल्टवालं वरचं मॉडेल घेणार नाही.

फुल हायब्रिड मात्र इंजिन बंद ठेवून गर्दीत सरकते. तिचा एसी कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. साध्या स्टार्ट-स्टॉप गाडीत (जी थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करते) इंजिन थांबलं की बहुधा फक्त पंखा उरतो आणि थोड्या वेळात इंजिन पुन्हा सुरू होतं. रोज ट्रॅफिकमध्ये अडकत असाल तर फुल हायब्रिडच घ्या. बहुतेक प्रवास हायवेवर एकसारख्या वेगाने होत असेल तर ब्रेकच कमी लागतो, तिथे स्मार्ट चार्जिंग पुरे.

जुनीच गाडी ठेवणार असाल आणि स्टार्ट-स्टॉप चालेनासं झालं असेल, तर आधी बॅटरी तपासून घ्या. ईएफबी आणि एजीएम हे स्टार्ट-स्टॉपसाठीच्या मजबूत लेड-ॲसिड बॅटरीचे प्रकार; नवी टाकताना ईएफबीच्या जागी किमान ईएफबी, एजीएमच्या जागी एजीएमच हवी, आणि बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनरने कंट्रोल युनिटमध्ये नोंदवावी लागते.