हेडसेट लाइन आणि टेलिफोन: ट्रान्सफॉर्मर की हायब्रिड?

रंगमंचामागच्या हेडसेटवर स्टेज मॅनेजर, लाइट आणि साउंडवाले बोलतात. ऑफिस आणि गेटवर मात्र ईपीएबीएक्सचे (इमारतीतल्या अंतर्गत एक्स्चेंजचे) फोन. दोन्ही जोडायचे दोन मार्ग आहेत.

पहिला स्वस्त: ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि डीसी अडवणारे कपॅसिटर. ते लागतातच, कारण क्लिअर-कॉम (हेडसेट इंटरकॉम बनवणारी कंपनी) पद्धतीच्या लाइनवर एक्सएलआर या तीन पिनांच्या कनेक्टरच्या पिन २ वर सुमारे ३० व्होल्ट डीसी असतो, आवाज पिन ३ वर. फोनच्या जोडीवर स्वतःचा डीसी असतो, घंटी वाजताना तर हेडसेटच्या लाइनला सोसवणार नाही इतका एसी येतो. ट्रान्सफॉर्मर दोन्ही लाइन एकमेकींपासून वेगळ्या ठेवतो, हमही (विजेची गुणगुण) कमी करतो. पण फोन उचलणे-ठेवणे त्याला कळत नाही. शिवाय दोन्हीकडे जाता-येता आवाज एकाच वाटेने, त्यामुळे पातळी वाढवली की शिट्टी.

दुसरा मार्ग टेलिफोन हायब्रिडचा. तो जाणारा आणि येणारा आवाज वेगळा करतो, लाइन उचलतो, आणि 'नल' हे लाइनशी जुळवण्याचे बटण फिरवून प्रतिध्वनी दाबता येतो. महाग आहे, आणि नल नीट जुळवायला वेळ लागतो. घाईत कुणी जुळवत नाही, मग दोष यंत्राला.

फोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झचाच, म्हणून फोनचा आवाज दोन्ही मार्गांत डब्यातलाच. तालमीपुरता ट्रान्सफॉर्मर चालेल. प्रयोगात क्यू (लाइट-साउंड बदलायचा इशारा) द्यायच्या लाइनवर मी हायब्रिडच लावीन, आणि तोही वेगळ्या चॅनलवर: गेटवरच्या माणसाचा खोकला ब्लॅकआउटच्या क्षणी कुणालाच नको.