आंबट चेरीच्या कॅप्सूल : चार महिने घेतल्यावर

पाचपैकी दोन तारे.

रात्री दोन वाजता उजव्या पायाचा अंगठा असा पेटला की चादरीचा स्पर्शही सोसवेना. गाऊट, म्हणजे रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचण्याचा आजार, असलेल्यांना जास्त सांगायला नको. युरिक अ‍ॅसिड निघालं ८.६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). आयुष्यभराची गोळी मागे लागेल या धास्तीने मी आधी आंबट चेरीच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्या. डबीवर ठळक लिहिलं होतं, ‘युरिक अ‍ॅसिड नैसर्गिकरीत्या आटोक्यात’.

रोज दोन, जेवणानंतर, एकही दिवस न चुकवता. गिळायला सोप्या, पोटाला त्रास नाही. तिसऱ्या महिन्यात दुसरा झटका आला. चौथ्या महिन्याअखेर आकडा ८.३. तेवढ्या उताराचं श्रेयही कॅप्सूलला देववत नाही, कारण त्याच काळात मी बिअर आणि साखरेची शीतपेयं पूर्ण सोडली होती.

२०१२ साली ६३३ रुग्णांवरचा एक अभ्यास आला. चेरी खाल्लेल्या दोन दिवसांत झटक्याची शक्यता ३५ टक्क्यांनी कमी दिसली. पण ही नोंद रुग्णांनी स्वतः केलेली आणि ती झटक्यांची, रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडची नव्हे. सांध्यात साचलेले स्फटिक विरघळायला रक्तातलं प्रमाण ६च्या खाली राहावं लागतं. ६.८च्या वर ते साचतच राहतात. माझ्या ८.३ला चेरी कुठे पुरणार? डबीवरचा दावा मला म्हणूनच खटकतो. त्या भरवशावर मी चार महिने घालवले.

पथ्याचंही तसंच. बिअर, काळीज-मूत्रपिंडासारखं मांस, गोड पेयं सोडली ते योग्यच झालं. पण पालक आणि कडधान्यं उगाच सोडली. त्यांतल्या प्युरीनने (शरीरात ज्याचं युरिक अ‍ॅसिड बनतं तो घटक) गाऊट वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. डॉक्टरांनी समजावलं की युरिक अ‍ॅसिडचा दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडं बाहेर टाकतात आणि बहुतेकांची अडचण तिथेच असते. ताटातून काही काढून ती सुटत नाही.

शेवटी अ‍ॅलोप्युरिनॉल हे युरिक अ‍ॅसिड कमी करणारं औषध सुरू केलं, १०० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत. सुरुवातीला झटके येऊ शकतात म्हणून सोबत थोडं कोल्चिसिन, म्हणजे झटके रोखणारं औषध. आज आकडा ५.४ आहे.

चेरी आवडत असेल तर जरूर घ्या, पण चालू गोळी तिच्यासाठी थांबवू नका. आणि युरिक अ‍ॅसिड झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. ऐन झटक्यात ते फसवं, नॉर्मल दिसू शकतं.