दाबून पाजायची स्ट्रॉ-बाटली: डाउन सिंड्रोम असलेल्या बाळासाठी कितपत कामाची?

अस्वलाच्या आकाराची मऊ बाटली, घट्ट झाकण आणि त्यातून वर आलेली लवचीक नळी. डाउन सिंड्रोममध्ये ओठांचे, गालांचे, जिभेचे स्नायू सैल असतात. त्यामुळे साध्या स्ट्रॉने पाणी वर ओढणं सुरुवातीला बाळाला जमत नाही. इथे बाटली दाबून पाणी नळीच्या टोकाशी आपणच आणून देतो; बाळाने फक्त ओठ मिटायचे. खरा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

बाळ ताठ बसलेलं, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. नळी खालच्या ओठावर ठेवून जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत. थेंबभर येईल इतकंच दाबायचं, ओठ मिटेपर्यंत थांबायचं, मग एक घोट. तो गिळल्यावरच पुढचा. ओठ नीट मिटायला लागले की दाब कमी करत न्यायचा. इथेच बहुतेक घरांत गाडी अडते: दाबलं की पटकन संपतं, म्हणून महिनोन् महिने दाबतच राहतात आणि ओढायची वेळ बाळावर येतच नाही.

नळी खोल गेली तर बाळ ती चावतं किंवा जीभ खाली घालून दुधाच्या बाटलीसारखं चोखतं. नळी कापून आखूड करा, नाहीतर ओठांशी अडणारी चकती लावा. जोरात दाबलं तर तोंड भरून ठसका लागतो.

ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरू नका. या मुलांमध्ये पाणी आवाज न करता श्वासनलिकेत जाणं बरंच आढळतं. पिताना डोळ्यांत पाणी येणं, नंतर आवाज ओलसर होणं, छातीचे संसर्ग वारंवार होणं, यांतलं काही असेल तर बाटली बाजूला ठेवून आधी गिळण्याची एक्स-रे व्हिडिओ तपासणी करून घ्या. पेय दाट करायची पावडरही मनाने घालू नये.

या बाटलीने ‘बाहेर येणारी जीभ आत जाते’ अशी जाहिरात दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. ओठ मिटायची सवय लागते. स्नायूंचा जन्मजात सैलपणा बाटलीने जात नाही.

एकमार्गी झडपेचं मॉडेल असेल तर दाब सोडल्यावर पाणी खाली उतरत नाही, हवा कमी जाते. पण झडपेत दुधाचा साका धरतो, तेव्हा ती रोज सुटी करून धुवा. नळीला आतून बारीक ब्रश हवाच. सुट्या नळ्या वेगळ्या मिळत नसतील तर ती कंपनी टाळा, कारण चावून आधी नळीच फाटते.