टूरर की स्पोर्टी? नाशिकच्या घाटांत कळलेला फरक

लांबच्या प्रवासाची टूरर मोटरसायकल घ्यावी की स्पोर्टी, हे ठरवत असाल तर सांगतो, मी दोन्ही चालवल्या आहेत. आधी अडीच वर्षं साडेसहाशे सीसीची, पाय पुढे सोडून बसायची जड टूरर. आणि गेल्या पावसाळ्यापासून साधारण तेवढ्याच ताकदीची, पुढे झुकून बसायची स्पोर्टी. इंजिन, मायलेज, किंमत तुम्ही पाहून झालेलीच असणार. त्यामुळे गाडी रस्त्यावर वागते कशी, एवढंच सांगतो.

जड गाडी वळत नाही असं म्हणतात, ते मला तरी पटलेलं नाही. होंडाची गोल्ड विंग पाहा. १८३३ सीसीच्या त्या इंजिनाचे सहाही सिलिंडर आडवे आणि खाली बसवलेले आहेत. वजनाचा मध्य खाली असल्याने गाडी चालू लागली की भार जाणवत नाही. जाणवतो तो थांबताना आणि मागे घेताना. म्हणून तर तिला रिव्हर्सची सोय आहे. माझ्या टूररचंही लहान प्रमाणात तेच होतं. वेग आला की रुंद हँडलची डावी बाजू जराशी पुढे रेटायची, गाडी आपोआप डावीकडे झुकायची. पावसाळ्यात घोटी ते इगतपुरी वारा आडवा झोडपतो, तिथे दोन चाकांमधलं लांब अंतर फार कामी येतं. टूरर तिथे रेघ सोडत नव्हती. स्पोर्टी त्याच पट्ट्यात थोडी सरकते, हँडल धरून राहावं लागतं.

घाटात चित्र बदलतं. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना वळणाच्या ऐन मध्यावर समोरून एसटी आली, तर स्पोर्टी तिथल्या तिथे आत घेता येते. टूररला मात्र वळणाआधीच ठरवावं लागायचं. एकदा झुकवली की तीच वाट, आणि अजून झुकवायला गेलं की फुटरेस्ट डांबराला घासायचं.

पण एवढ्यासाठी मी गाडी बदलली नसती. बदलली ती खड्ड्यांमुळे.

अशा टूररवर पाय पुढे असतात. खड्डा दिसला तरी फुटरेस्टवर भार देऊन बूड उचलता येत नाही, कारण पाय शरीराच्या खाली नसतातच. सीट बुटकी ठेवायची म्हणून मागच्या शॉकअपला खाली-वर व्हायला जागाही कमी असते. सगळा दणका थेट कमरेत. पेठ रोडने सावळ घाटाकडे जाताना पावसात एका वळणावर पाण्याने भरलेला खड्डा लागला. मी पोत्यासारखा सीटवर बसलेलो, मागचं चाक उडालं आणि गाडी हातभर बाहेर सरकली. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. मऊ सीट, आरामाची बैठक, सगळं असूनही त्या दिवसानंतर माझा तिच्यावर पूर्वीसारखा विश्वास बसेना. स्पोर्टीवर पाय मागे, शरीराच्या खाली असतात. खड्डा आला की दोन बोटं वर उठायचं, अर्धा दणका गुडघे पितात आणि चाक वाट सोडत नाही. आपल्याकडचे रस्ते पाहता मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

स्पोर्टीचा त्रास नाही असं नाही. कसारा उतरताना ट्रेलरच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गियरवर रांगताना अख्ख्या अंगाचा भार मनगटांवर येतो. समृद्धीवर दुचाकीला मनाई, त्यामुळे मुंबईला जायचं तर हा घाट चुकत नाही. मी आता पोटाने आणि मांड्यांनी टाकी आवळून बसायला शिकलोय, तरी खाली पोचेपर्यंत हात अवघडतातच. आणि मागे कोणी बसणार असेल तर टूररला तोड नाही. शिर्डीपर्यंत बायको न थांबता यायची, आता सिन्नरला उतरावंच लागतं. दरवेळी दोघांनीच लांब जायचं असेल आणि रस्ता बहुतेक हायवेचा, तर टूरर घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. माझ्यासारखं रविवारी पहाटे एकट्याने त्र्यंबकवरून जव्हारकडे निघणाऱ्याने मात्र स्पोर्टीचा विचार आधी करावा.

ट्रायल घ्याल तेव्हा गुळगुळीत रस्त्यावर समाधान मानू नका. एखाद्या उखडलेल्या रस्त्यावर, चाळीसच्या वेगात, खड्डा आल्यावर तुम्हाला सीटवरून उठता येतं का ते बघा.